खालच्या वावराला किती मार्क

सुगंधाबाई शाळेत एक दिवसही गेली नाही. तरी परीक्षेचा धाक म्हणजे काय, ते तिला चांगलं कळलं, आणि तेही साठीला टेकल्यावर. त्याला कारण झालं तिचं खालचं वावर.

पिंपळनेर सोडून डोंगराकडं निघालं की पायथ्याशी हे गाव लागतं. गावाच्या अगदी शेवटाला सुगंधाबाईचं घर. घरामागं शेळ्यांचा गोठा, गोठ्यामागं उकिरडा, आणि तिथून उतरत गेलं की पांझरा नदीच्या अंगाला तिचं चार एकर वावर. घरासमोर पाहिलं तर डोंगर. त्या डोंगराच्या पार वर, पठारावर तिचं माहेर. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती खाली आली. तेव्हा वर नागली आणि वरई पिकायची, कपाशी तिनं कधी हातात धरली नव्हती. सासू भिकुबाई दारातच म्हणाली, "डोंगरवरनी पोर करी लई उनात. हिले कपाशीनं काय समजस?"

ते एक वाक्य सुगंधाबाईला काट्यासारखं रुतून बसलं. मग तिनं काय केलं? भांडली नाही. निंदायला बसली. खुरपं हातात घेतलं की तिची पात सगळ्या बायांच्या पुढं. दुपारी बाया लिंबाखाली टेकायच्या, तर ही बांधावरचे दगड वेचायची. कुठल्या कोपऱ्यात ओल टिकते, कुठं पाय भाजतात, कुठं हरळी मुळं धरून बसली आहे, सगळं तिला तोंडपाठ. दहा-बारा वर्षांनी भिकुबाई आजारी पडली, उठेना, तेव्हा सुनेचा हात धरून म्हणाली, "वावर संभाळजो व." बस, तेवढंच. सुगंधाबाईला तेवढं पुरलं. कोणी शाळेचा दाखला पेटीत जपून ठेवतो, तसं तिनं ते वाक्य ठेवलं.

तर अशी ही बाई. आणि एका वैशाखात तिच्या दारात स्कूटर येऊन थांबली.

स्कूटरवर एक पोरगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीला पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेलं एक लांब लोखंडी गिरमिट. नाव हेमांगी. मूळची चाळीसगावची, शिकायला धुळ्याला. तिला मातीचा अभ्यास करायचा होता. एकाच डोंगराच्या खाली, मधे आणि वर माती कशी बदलते, आणि माणसं तिथं काय करतात त्यानं काय फरक पडतो, असा तो अभ्यास. तिला पायथ्याचं नांगरटीचं वावर हवं होतं.

"मनंच ले ना मग!" सुगंधाबाई म्हणाली. तिच्या वावराकडं कोणी कॉलेजातलं माणूस बघायला येतं म्हटल्यावर ती हरखूनच गेली.

हेमांगीनं वावराच्या मधोमध फोन धरला. "पाचशे साठ मीटर," ती म्हणाली.

"काय?"

"उंची, अक्का. समुद्रापासून."

सुगंधाबाईनं चारी दिशांना बघितलं. "समुद्र इथं कुठं शे माय?"

हेमांगी हसली आणि तिनं एक खुंटी ठोकली, लाल कापड बांधलेली. वर्षातून दोनदा इथलीच माती न्यायची, म्हणून ती खूण. दुसरी खुंटी मधल्या उतारावर, गुरचरणात. तिसरी अगदी माथ्यावर, वाघदेवाच्या रानात. तिथं जायला सुगंधाबाई स्वतः बरोबर निघाली. पोरगी धापा टाकत होती आणि ही पुढं.

"चाल ना व, का बसी गई? मी तुन्या आजीन्या वयनी शे."

वाघदेवाच्या रानात कोणी कुऱ्हाड नेत नाही. पानसुद्धा उचलत नाहीत. साग, धावडा, सलई, अंजन, सगळं जिथं वाढलं तिथंच उभं, जिथं पडलं तिथंच पडलेलं. हेमांगीनं गिरमिट फिरवलं तर ते लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं. माती वर आली ती काळी, गार, भुसभुशीत. सुगंधाबाईनं चिमूटभर जिभेवर ठेवली, तिची सवयच ती. तिच्या आजीच्या अंगणाला असाच वास यायचा. पण ते तिनं मनातच ठेवलं.

खाली वावरात मात्र गिरमिट आत जाईना. हेमांगी त्याच्यावर उभी राहिली तरी जाईना. शेवटी सुगंधाबाईचा नवरा, चुडामण आबा, येऊन दोन्ही हातांनी पिळायला लागला. "आमनी माटी मजबूत शे," तो म्हणाला. सुगंधाबाईला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

मिरगाच्या तोंडावर हेमांगी निकाल घेऊन आली. ओट्यावर बसली, चहा घेतला, आणि फोनमधून वाचायला लागली. मातीत दोन गोष्टी मोजल्या होत्या, एक कर्ब आणि एक नत्र. कर्ब म्हणजे कुजलेला पाला, मुळं, शेण, ह्या सगळ्यांतून मातीत जो जीव येतो तो. नत्र म्हणजे ज्याच्यासाठी आपण युरियाची गोणी आणतो ते.

"खालच्या वावरात कर्ब शेकडा अर्धासुद्धा नाही, अक्का. गुरचरणात एकाच्या आसपास. आणि वाघदेवाच्या रानात दोनाच्या वर. नत्रही त्याच हिशोबात, खाली कमी, वर जास्त."

सुगंधाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "शंभरमातून?"

"हो, शंभरातून."

"शंभरमा अर्धा मार्क?"

"मार्क नाहीत हो ते अक्का. आणि वर तरी दोनच आहेत ना."

"दोन तरी शेतस ना!"

घरात सून रूपा पीठ मळत होती. ती बारावी शिकलेली. ती आतूनच म्हणाली, "आई, आमच्या वर्गात गणितात एकाला दोन मिळाले होते. पण अर्धा कोणालाच नाही."

चुडामण आबा खाटेवर खो-खो हसला. हेमांगी बिचारी समजावत राहिली. वर गारवा असतो, म्हणून पालापाचोळा सावकाश कुजतो आणि मातीतच मुरतो. तिथं नांगर लागत नाही, कोणी काही उचलून नेत नाही. खाली आपण दरवर्षी जमीन उलथतो, ऊन तिला भाजून काढतं, कपाशी घरी आणतो, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळून टाकतो. जमिनीकडून घेतो, तिला परत काही देत नाही. हे सगळं ती बोलत होती, पण सुगंधाबाईच्या कानात एकच शब्द घुमत होता, अर्धा. पंचेचाळीस वर्षं घाम गाळला त्या वावराला अर्धा, आणि जिथं कोणी काडी हलवली नाही त्या रानाला दोन! त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

तिसऱ्या दिवशी तिला सुचलं. पोरगी परत येणार पौषात. माती न्यायची त्याच खुंटीजवळची. म्हणजे सबंध चार एकर पास व्हायची गरजच नाही! खुंटीजवळची चार हात जागा पास झाली की झालं.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. रोज दुपारी, सगळे आडवे झाले की गोठ्यातल्या लेंड्या काढायच्या, उकिरड्याच्या तळचं जुनं, मुरलेलं खत काढायचं, चुरायचं, चाळायचं. चाळायचं का, तर ढेकूळ दिसलं तर पोरगी ओळखेल! मग टोपली डोक्यावर, वर लुगड्याचा पदर. रस्त्यात कोणी विचारलं तर म्हणायची, "शेळ्यांचा गोठा झाडला, बांधावर टाकून येते." खुंटीपाशी गेली की खुरप्यानं माती उकरायची, खत मिसळायचं, वरून माती सारखी करायची. आषाढात सुरू केलं ते थेट दिवाळीपर्यंत. रोज एक टोपली. आजारी पडली तेव्हा दोन दिवस चुकले, तर बरं झाल्यावर दोन टोपल्या जास्त नेल्या.

एकदा रूपानं गव्हाची चाळण हुंगली आणि नाक मुरडलं. "आई, हिला शेळीचा वास कसा येतो?"

"शेळी उनी व्हती ना घरमा, तिनी चाटी व्हयी," सुगंधाबाई म्हणाली आणि चाळण घेऊन मोरीत घासायला बसली.

आता माणसाच्या डोळ्यांत धूळ टाकता येते, कपाशीच्या नाही. भादव्यात सगळं वावर कमरेएवढं झालं, आणि खुंटीभोवतीची कपाशी चुडामण आबाच्या डोक्याच्या वर! पानं तळव्याएवढी, गर्द काळी-हिरवी. गावातली माणसं बांधावर उभी राहून बघायची. चुडामण आबानं पारावर जाहीर करून टाकलं की ह्या वर्षी त्यानं बियाणं पेरायच्या आधी गोमूत्रात घोळलं आणि तोंड पूर्वेला करून पेरलं, त्याचा हा परिणाम.

"मग बाकीच्या वावरात काय तोंड पश्चिमेला केलं व्हतं का?" कोणीतरी विचारलं.

"तिथं नवल पेरत व्हता," आबा म्हणाला. नवल म्हणजे त्याचाच मुलगा. बिचाऱ्याला सगळ्या मोसमात हे ऐकावं लागलं.

सुगंधाबाई हसू दाबून भाकरी थापत राहिली.

पौषात कपाशी संपली, पऱ्हाट्या उपटून बांधाला रचल्या, आणि हेमांगी आली. ह्या वेळी गिरमिट खुंटीपाशी सहज आत गेलं. "अरे वा अक्का, माती केवढी मऊ झाली!" ती म्हणाली. सुगंधाबाईचा ऊर भरून आला. पोरीला तिनं दोन लाडू जास्त बांधून दिले.

माघात हेमांगी पुन्हा आली. ह्या वेळी तिनं स्कूटर नीट लावलीसुद्धा नाही, ओट्यावर टेकली आणि मातीच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या काढून पुन्हा पुन्हा बघत बसली. डोळे सुजलेले.

"कसाले रडस व पोरी?"

"अक्का, सगळं बिघडलं. तुमच्या वावरात ह्या वेळी कर्ब तिनाच्या वर निघाला. वाघदेवाच्या रानापेक्षा जास्त. असं आठ महिन्यांत होऊच शकत नाही. आमचे कॉलेजातले सर म्हणतात, मी पिशव्या बदलल्या. चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या. हलगर्जीपणा केला." तिनं नाक पुसलं. "होळीच्या आधी प्रबंध द्यायचाय. नाही दिला तर वर्ष गेलं. मी बदलल्या नाहीत हो अक्का. पण आता वाटतं, बदलल्याच असतील. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

तीन! तिच्या वावराला तीन मार्क! एक क्षण आनंद झाला तिला, खोटं कशाला सांगू. आणि पुढच्याच क्षणी त्या पोरीच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघून तो आनंद पार विझून गेला. तिनं तोंड उघडलं.

"जेवी ले पोरी," ती म्हणाली.

दुसरं काही निघालंच नाही तोंडातून. रूपा दारात उभी होती, शंभरात अर्धा म्हणून हसलेली. तिच्यासमोर सांगायचं? की सासूनं चाळणीनं लेंड्या चाळल्या? हेमांगीनं जेवायला नको म्हटलं. "मी वावरात जाऊन बघून येते," म्हणाली आणि निघाली.

सुगंधाबाईनं चूल पेटवली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकऱ्या थापल्या, मिरचीचा ठेचा वाटला, कांदा फोडला, फडक्यात बांधलं. आणि वावराकडं चालताना बोलायची तयारी करत गेली. पोरी, मनी चूक शे. नको, असं नको. पोरी, तू रागावजो नको. हेही नको. खुंटीपाशी पोचली तर तिथं चुडामण आबा आधीच हजर! रूपाही आली होती मागून. आबा हेमांगीला समजावत होता, "ताई, सरांना सांगा, माती खरीच सुधारली. मी बियाणं गोमूत्रात घोळलं व्हतं..."

"नवलना बाप, गप बसा!" सुगंधाबाई म्हणाली. फडकं बांधावर ठेवलं, पदर खोचला आणि एका दमात सांगून टाकलं. "मीच टाकं खत. रोज एक टोपली. चाळणमा चाळीसन. खुंटीले धरीसन टाकं. पोरनी काहीच चूक नही. बठ्ठं मीच करं."

पांझरेच्या अंगानं वारा आला. मग रूपाच्या तोंडून निघालं, "चाळण!"

"हां, चाळण," सुगंधाबाई म्हणाली. "नवी आणीसन देस तुले."

चुडामण आबा मटकन बांधावर बसला. "म्हणजे गोमूत्रानं नाही?"

"नाही."

"आणि पूर्वेला तोंड केलं त्यानं?"

"त्यानंबी नाही."

हेमांगीनं विचारलं, "पण का, अक्का?"

"शंभरमा अर्धा मार्क पडना म्हणीसन," सुगंधाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "मनं वावर नापास व्हयनं ना. पंचेचाळीस वरीस मी त्यामा राबनू."

पोरगी रागवेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडायला लागली, पण हे रडणं वेगळं. "माझ्या चिठ्ठ्या बरोबर होत्या," ती म्हणत होती. "बरोबर होत्या माझ्या चिठ्ठ्या!"

तिनं तिथूनच सरांना फोन लावला, आवाज मोठा करून. सांगायला लागली, तर सर म्हणाले, कारणं नकोत. मग सुगंधाबाईनंच फोन हातात घेतला. जन्मात कधी साहेबाशी बोलली नव्हती. फोन तोंडासमोर आरशासारखा धरून ती मोठ्यानं म्हणाली, "सर, राम राम. पोर चांगली शे. चोरी मी करी. तिले काही बोलानं नही."

टोपलीपासून चाळणीपर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं. मग सरांनी विचारलं, "आजी, किती टोपल्या टाकल्या?"

"आषाढ ते दिवाळी, रोज एक."

"केवढ्या जागेत?"

"मन्या लुगडाना पदर पसरा तर झाकाई जाई, इतली."

"शेळीचं की गाईचं?"

"निम्मं निम्मं. तळनं, मुरेल. कच्चं नही टाकं मी, मुळं जळतस."

सर म्हणाले, "हेमांगी, हे सगळं लिहून घे. आणि खुंटीपासून लांब, चार कोपऱ्यांची माती पुन्हा काढ. आजच्या आज. प्रयोगशाळेत मी सांगून ठेवतो."

त्या दुपारी चौघांनी मिळून माती काढली. बाकीचं वावर दगडासारखं, गिरमिट आबानं पिळायचं, सुगंधाबाईनं पिशवी धरायची, रूपानं चिठ्ठी लिहायची आणि हेमांगीनं ती तीनदा वाचून बांधायची. मधे ठेचा-भाकरी झाली. तेव्हा आबाला एकदम काहीतरी सुचलं आणि घास तोंडातच ठेवून तो म्हणाला, "अगं, पण वाघदेवाचं रान म्हणजे तुझ्या माहेराच्या वाटेवरचं ना? एकाच डोंगराची माती. म्हणजे पहिला नंबर तुझ्या माहेराचा आला की! आणि तू त्याला पाडायला निघालीस!"

सुगंधाबाईच्या हातातला कांदा तसाच राहिला. पंचेचाळीस वर्षं ती डोंगरवरची म्हणून खालचं वावर जिंकायला धडपडली, आणि हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. "हां व माय," ती पुटपुटली. आणि मग अशी हसली की दात नसलेलं सगळं तोंड दिसलं. "सासू असती तं सांगती तिले."

चार कोपऱ्यांचा निकाल आला, अर्ध्याला थोडं कमीच. म्हणजे जिथं होतं तिथंच. हेमांगीनं भीत भीत सांगितलं, तर सुगंधाबाई म्हणाली, "शे ते शे. लिही टाक." प्रबंध होळीच्या आधी गेला. त्यात, हेमांगी सांगते, एक पान ह्या खुंटीचं आहे, टोपल्यांसकट. सुगंधाबाईचं नावही आहे. रूपानं ते पान फोनमध्ये दाखवलं, आणि नाव कुठलं ते बोट ठेवून दाखवावं लागलं.

वैशाखात नवल पऱ्हाट्या पेटवायला काडेपेटी घेऊन निघाला, तर सुगंधाबाई आडवी आली. आता त्या पऱ्हाट्या बारीक करून वावरातच टाकायच्या. बांधाला गिरिपुष्प हे हिरवळीच्या खताचं झाड लावलंय, त्याचा पाला कपाशीच्या ओळींत पडतो. टोपली रोज निघते, पण आता चोरून नाही, आणि एका जागी नाही. आज ह्या पातीला, उद्या पुढच्या. चार एकर आणि एक टोपली, नवल हसतो. ती म्हणते, "हस. वाघदेवनं रान एक दिसमा नही व्हयनं."

परवा हेमांगी पेढे घेऊन आली, पास झाल्याचे. सुगंधाबाई तिला सरळ वावरात घेऊन गेली. तिथं तिनं स्वतःच एक नवी खुंटी ठोकली आहे, जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधून, जुन्या खुंटीपासून लांब.

"पाच वरीसनी ये आणि इथली माटी तपास," ती म्हणाली. "मी कोठे कितलं टाकं ते बठ्ठं रूपाले सांगेल शे, तिनी लिही ठेयेल शे. आते चोरी नही."

"आणि कर्ब दोनाच्या वर गेला तर?" हेमांगीनं हसून विचारलं.

सुगंधाबाईनं पेढा तोंडात टाकला आणि डोंगराकडं बघितलं. "नको व माय," ती म्हणाली. "दीडवर थांबाड. माहेर पुढे ऱ्हाऊ दे."